पाचवी पकड

४ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार करणार होतो, पण उजवा गुडघा सुजलाय. उभ्याउभ्याच केला असं समज.

वर्गाची जागा बदलली. बंद पडलेल्या छापखान्याच्या वरचा मजला मिळाला. लाकडी जमीन, चार उंच खिडक्या, एका वेळी तीस जण आरामात उभे राहतात. समोरच्या भिंतीवर बाबांचा तो हात पुढे करून उभा असलेला फोटो मोठा करून लावलाय. खाली पाटी आहे, 'सात पिढ्यांची विद्या'. पेंटरनं पहिल्यांदा 'सात पिढ्याची विघा' असं लिहिलं होतं. पुसून घेतलं.

त्यावरूनच तुझ्याकडे काम आहे. आमच्यात एक शाळामास्तर येतात. पन्नाशीचे, बसता-उठता हाडं वाजतात, पण प्रश्न विचारण्यात सगळ्यांच्या पुढे. मला म्हणाले, "सर, सात पिढ्या म्हणजे कोण कोण?" मी आपलं बाबा सांगायचे तेच सांगितलं. त्यांचे गुरू डोंगरावर राहायचे, गुरूंचे गुरू राजाच्या अंगरक्षकांत होते वगैरे. तर मास्तर म्हणतात, "डोंगर कुठला?"  तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तुला बाबांनी सांगितलं असणार. आठवेल तेवढं लिही.

दुसरं म्हणजे एक नवी विद्यार्थिनी आलीय. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरला असते, म्हणून सगळे तिला मेडिकलवालीच म्हणतात. तिचा नवरा कातड्याच्या कारखान्यात कटिंगला आहे. तिनं त्याला सोडून दोन वर्षं झाली, पण तो हिला सोडत नाही. मागच्या वर्षी त्यानं रापीनं तिच्या दंडावर वार केला. रापी म्हणजे चामडं कापायचं ते आखूड, रुंद पातं. वस्तऱ्यासारखी धार असते त्याला. ती पहिल्याच दिवशी बाही वर करून म्हणाली, "सर, एवढ्यापुरतं शिकवा. बाकीचं मला नकोय."

मी तिला बाबांची पाचवी पकड शिकवतोय. सुरी आली की डावा पाय आत, दोन्ही हातांनी मनगट धरायचं, वर उचलायचं, खालून वळायचं आणि कोपर मोडायचं. लाकडी सुरीवर दहात आठदा जमतं तिला. बाबा असते तर पाठ थोपटली असती त्यांनी.

तुझा
बारक्या


११ फेब्रुवारी

बारक्या,

नव्वद किलोच्या माणसाला बारक्या म्हणायचं म्हणजे रेड्याला 'सोनुल्या' म्हणण्यासारखं आहे. पण जिभेला वळण पडलंय, आता बदलणार नाही.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू भांडतोस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील.

मला कॅज्युअल्टीत बावीस वर्षं झाली. वार झालेली माणसं किती आली त्याची मोजदाद मी केलेली नाही, पण काही गोष्टी आता डोळे मिटूनही सांगू शकते. सुरी कधी दिसली असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "दिसलीच नाही. बुक्की मारली असं वाटलं. खाली बघितलं तर शर्ट ओला." सुरी कुणी डोक्यावर उगारून आणत नाही. ती मांडीपाशी असते, पाठीमागे असते, वर्तमानपत्रात असते. आणि वार एक नसतो. मागच्या सोमवारी एक रिक्षावाला आणला, पोटात नऊ. ज्यानं आणलं तो म्हणाला, "सिस्टर, मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत झालं सगळं." 'अरे अरे' म्हणायला किती वेळ लागतो ते म्हणून बघ.

आणि तळहात. ज्यांनी पकडायला बघितलं त्यांचे तळहात बघवत नाहीत. बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या असतात ना आत, टेंडन, त्या तुटल्या की आत ओढल्या जातात. डॉक्टर चिमट्यानं शोधत बसतात.

एक कर. पांढरा शर्ट घाल, मास्तरांच्या हातात लाल मार्कर दे आणि त्यांना सांग, माझ्या शिकवण्याची पर्वा न करता या, वेड्यासारखे या. मग आरशात बघ.

आणि त्या बाईला पळायला शिकव. दुकानाला मागचं दार आहे का विचार. असेल तर ते दिवसभर उघडं ठेवायला सांग.

बाबांच्या गुरूंचं मला काही आठवत नाही. मास्तरांना सांग, डोंगर म्हातारा होऊन खचला.

ताई


२ मार्च

ताई,

पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, तेव्हा समाधान मान.

मार्करचा प्रयोग केला. दंडावर दोन-तीन रेघा आल्या. एवढं तर होणारच, नाही का? बाबाच म्हणायचे की सुरीच्या खेळात रक्त हे भाडं आहे, ते द्यावंच लागतं.

तुझं एक मला पटत नाही. तुझ्याकडे हरलेलीच माणसं येतात. ज्यांनी हात धरला, मुरगळला आणि सुरी गटारात टाकली ते घरी जाऊन झोपतात. ते कशाला तुझ्या कॅज्युअल्टीत येतील? तू बावीस वर्षं अर्धंच जग बघितलंयस.

पळण्याचं मी तिच्याजवळ काढलं. दुकानाला मागे दार आहे. ते गोदामातून बोळात उघडतं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता हाताला पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "सर, मी दोन वर्षं पळतेच आहे. तीन खोल्या बदलल्या. आईच्या घरी गेले तर तिथल्या काचा फोडल्या त्यानं. मला आता एकदा उभं राहायचंय." मग मला म्हणाली, "चला, परत करू." आता तू सांग, अशा बाईला मी काय सांगायला हवं होतं? पळ म्हणून?

सलग तीस वेळा केलं आम्ही. तिसाव्याला माझा श्वास लागला होता, तिचा नव्हता.

मास्तरांना डोंगराचं उत्तर दिलं. हसले नाहीत.

बारक्या


१९ मार्च

ताई,

ती तुझ्याकडे येतेय. म्हणजे तुझ्याच हॉस्पिटलात. इथल्या डॉक्टरांनी हात जोडले, म्हणाले हाताचं ऑपरेशन मोठ्या ठिकाणी करा. उद्या सकाळी ॲम्ब्युलन्स निघेल. सोबत तिचा भाऊ आहे, बस चालवतो तो; हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तू तिच्याजवळ जा, एवढंच मागतोय.

परवा दुपारी चारला झालं. मी तिथं नव्हतो. दुकानाचे मालक सांगतात ते लिहितो. साठीचे आहेत. 

ती स्टुलावर चढून वरच्या फळीवर खोकी लावत होती. मालक आत गोदामात होते. कुणीतरी म्हणालं, "डोकेदुखीची गोळी द्या." तिनं नवऱ्याचा आवाज ओळखला. मालकांनीही डोकावून बघितलं आणि ते ओरडले, "इकडे ये! दार उघडं आहे, इकडे ये!" मागचं दार खरंच उघडं होतं, ताई. तिच्यापासून चार पावलांवर.

ती स्टुलावरून उतरली आणि काउंटरच्या बाहेर गेली. त्याच्या समोर. डावा पाय पुढे टाकून उभी राहिली.

मालक म्हणतात, "खरंच हो, पकडला होता तिनं हात. दोन्ही हातांनी धरला होता. एक क्षण वाटलं, जमलं."

मग त्यानं हात नुसता मागे ओढला. रापीचं पातं तिच्या दोन्ही तळहातांतून फिरून बाहेर आलं. त्यानंतर मालक म्हणतात की शिवणयंत्राची सुई कशी खालीवर होते तसं चाललं होतं. खांदा, मान, दंड, छाती, पुन्हा खांदा. सतरा वार. काचेच्या कपाटावर ती आपटली, कपाट फुटलं. ती खाली पडली तरी तो वाकून मारत होता. ती पडल्या पडल्या पाय झाडत होती आणि ओरडत होती, ती ओरडायची थांबलीच नाही. शेवटी मालकांनी शटर ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि डोळे मिटून त्याच्या पाठीत घातला. दुसरा डोक्यात. तेव्हा तो पळाला. बाहेर लोकांनी धरला.

मी पोचलो तेव्हा फरशीवर गोळ्यांची पाकिटं रक्तात तरंगत होती. कुणीतरी वर्तमानपत्रं टाकली होती.

मी तिला उभं राहायला शिकवलं.

बारक्या


२७ मार्च

बारक्या,

ती जिवंत आहे आणि राहील. मानेवरचा वार बोटभर बाजूला असता तर हे पत्र वेगळं झालं असतं.

उजव्या हाताचं ऑपरेशन सहा तास चाललं. चार बोटांपैकी तीन मिटणार नाहीत असं सर्जन म्हणतात. डाव्या हाताची फक्त करंगळी गेली.

काल शुद्धीवर नीट आली. मी तुझी बहीण आहे हे तिला सांगितलं.  ती म्हणाली, "सिस्टर, पकड बसली होती. सर म्हणतात तशीच बसली. मग त्यानं हात मागे घेतला." थोडं पाणी पाजलं. मग म्हणाली, "वर्गात कुणी हात मागे घेत नसे."

एवढंच एक वाक्य तू रोज सकाळी म्हण.

पण तिचं दुसरंही लिहिते, नाहीतर तुझ्यावर अन्याय होईल. ती म्हणाली, पडताना हनुवटी आपोआप छातीला लागली म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही. पाठीवर पडून पाय वर घ्यायचे हे तू रोज करून घ्यायचास, तेही आपोआप झालं. पोटात एकही वार नाही, बारक्या. सगळे पोटावरचे तिनं पिंडऱ्यांवर घेतले. आणि तू वर्गात ओरडायला लावायचास ना, घसा बसेपर्यंत? ती म्हणते, तो आवाज नसता तर मालक आतच थिजून बसले असते.

म्हणजे ज्या गोष्टींना तू पाटीवर जागा देत नाहीस त्यांनी तिला वाचवलं.

आता बस. कुठंतरी टेकून बस आणि पुढचं वाच. हे मी फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं.

डोंगर नाही. गुरू नाहीत. राजा नाही. तुझा जन्म झाला तेव्हा बाबा एका फिरत्या नाटक कंपनीत होते. तंबू ठोकायचे आणि रंगमंचावरच्या मारामाऱ्या बसवायचे. पाचही पकडी तिथल्या आहेत. पाचवी तर मी बसवताना बघितलीय. ज्याच्याबरोबर बसवली तो कंपनीचा आचारी होता आणि सुरी पत्र्याची होती. मनगट धरून वर का उचलायचं माहीत आहे? शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावं म्हणून. आचारी मुद्दाम गिरकी घेऊन पडायचा आणि तंबू टाळ्यांनी डोक्यावर घ्यायचे लोक. पुढे कंपनी बुडाली. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. आधी वर्ग सुरू झाला, मग सात पिढ्या आल्या. दरवर्षी एकेक वाढत गेली. पुढे पुढे तर त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं, आणि मी गप्प बसले. तुझ्या डोळ्यांत बाबा एवढे मोठे होते की मला ते फोडवलं नाही.

आणखी एक आहे. बाबांवर खरा हल्ला एकदाच झाला. मी अकरा वर्षांची होते, तू दोन. कंपनीतलाच एक माणूस दारू पिऊन तंबूची लोखंडी मेख घेऊन धावून आला. बाबांनी काय केलं असेल? कपड्यांचं गाठोडं त्याच्या तोंडावर फेकलं, तुला काखेत मारलं, माझा दंड धरला आणि पळाले. पळता भुई थोडी. माझी एक चप्पल राहिली तिथंच. एका गोदामाच्या मागे आम्ही दडून बसलो. तू रडू नयेस म्हणून बाबांनी स्वतःचं बोट तुझ्या तोंडात दिलं होतं. त्यांची विजार ओली झाली होती. मला म्हणाले, "पोरी, हे कुणाला सांगू नकोस."

बेचाळीस वर्षं नाही सांगितलं. आयुष्यात बघितलेली सगळ्यांत चांगली मारामारी तीच होती, आणि त्यांना तिची लाज वाटायची. मी बोलले असते तर ती बाई कदाचित मागच्या दारानं गेली असती. हे ओझं तुझ्या एकट्याचं नाही.

ताई


६ मे

बारक्या,

सव्वा महिना झाला. फोन उचलत नाहीस. मास्तरांना विचारलं तर म्हणतात, वर्गाला कुलूप आहे आणि तू दार उघडत नाहीस.

माझ्यावर रागावला असशील तर रागाव. पण हे वाचलं की मला कळव.

तिचा नवरा जामिनावर सुटला होता. पंचवीस एप्रिलला कारखान्याच्या मागच्या आवारात तो सापडला. दोन्ही हात कोपरातून मोडलेले, एक डोळा गेलेला. तो कुणाचं नाव घेत नाही. कामगारही काही बघितलं नाही म्हणतात. पोलिसांनी तिच्या भावाला उचललंय. तो बसड्रायव्हर रे, जो हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायचा. त्याच्याकडे त्या दुपारचा हिशोब नाही, कारण तो बस लावून आत झोपला होता. अकरा दिवस कोठडीत आहे. ती मला विचारते, "सिस्टर, माझा भाऊ मुंगी मारत नाही. हे कुणी केलं?"

दोन्ही कोपरं, बारक्या. मी एक्स-रे बघितलेला नाही, पण ऐकल्या ऐकल्या तुझं पहिलं पत्र काढून वाचलं.

मला चूक ठरव.

ताई


१५ मे

ताई,

तू चुकलेली नाहीस.

हे पत्र पेटीत टाकून मी थेट पोलीस चौकीत जाणार आहे. तुला पोचेल तोवर तिचा भाऊ सुटलेला असेल. तो आत आहे हे मला तुझ्या पत्रानंच कळलं. ते पत्र मी आठवडाभर फोडलं नाही. आधीचं एवढं लागलं होतं की पुढचं उघडायची हिंमत नव्हती. या आठवड्याचंही पाप माझ्याच माथी.

आधी जुनं खोटं. मार्करच्या रेघा दोन-तीन नव्हत्या. एकोणीस होत्या. गळ्यावर दोन, पोटावर सहा. मास्तरांना अर्ध मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या माणसाला धड जिना चढता येत नाही, ताई. मी शर्ट जाळला आणि मास्तरांना म्हणालो, तुम्ही नियम पाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तीच पकड शिकवली.

आता दुसरं.

तुझं बाबांबद्दलचं पत्र वाचलं आणि वर्गात जाऊन फोटोसमोर बसून राहिलो. किती दिवस ते सांगता येणार नाही. मग कळलं की तिचा नवरा सुटला. पंचवीसला दुपारी मी कारखान्यात गेलो. मागे कातडी भिजवायचे हौद आहेत, जमीन कायम ओली, चुन्यानं पांढरी. तो हौदाच्या कडेला बसून पोळी-भाजी खात होता. मी हाक मारली. म्हणाला, "कोण तू?" मी म्हणालो, "तिला शिकवणारा." तर तो हसला. म्हणाला, "अच्छा! ते तू शिकवलंस?"

त्याच्याजवळ कातडी ओढायचा आकडीचा बांबू होता. तो कधी फिरला ते मला दिसलं नाही. तू लिहिलं होतंस तसंच. डावा कान फाटला, आत कुठंतरी घंटा वाजली आणि मग त्या बाजूनं सगळं बंद. तीस वर्षं शिकलेलं डोक्यातून पुसून गेलं. नळीतून बघावं तसं फक्त त्याचं तोंड दिसत होतं. पाय सरकला, दोघंही चुन्याच्या चिखलात पडलो. तो माझ्या गालाला चावला, तुकडा निघाला. मी त्याच्या डोळ्यात अंगठा घातला आणि दाबत राहिलो. तो किंचाळला, मी ऐकलं, तरी दाबत राहिलो. मग केस धरून हौदाच्या काठावर त्याचं डोकं आपटलं. किती वेळा ते आठवत नाही. यात कला कसली? कुत्री लागतात तशी लागलो होतो.

मग तो ढिला पडला. म्हणाला, "पुरे. पुरे झालं."

आणि तेव्हा, ताई, मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, वर उचललं, खालून वळलो. पाचवी पकड. इतकी स्वच्छ मला आयुष्यात जमली नव्हती. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो आईला हाका मारायला लागला. मग मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि दुसरा हात धरला.

कामगार उभे होते. कुणी पुढे आलं नाही. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी ओळखतो. मेडिकलच्या मालकांच्या डोळ्यांत होती ती, त्या दुपारी.

तिकडे जाताना वाटभर मी स्वतःला सांगत होतो की हे तिच्यासाठी. खोटं आहे ते. मला बघायचं होतं ती पकड लागते का. लागते. समोरचा पडलेला असेल, पुरे म्हणत असेल, तर अगदी बाबा दाखवायचे तशी लागते.

तिला हे वाचून दाखव. मी गोड करून काही लिहिलेलं नाही.

बारक्या


३० नोव्हेंबर

बारक्या,

तुझी साडेतीन वर्षांची शिक्षा कळली. वरच्या कोर्टात जाणार नाहीस म्हणालास, ते बरं केलंस. कानाचं तिथल्या डॉक्टरांना नक्की दाखव, पू येत असेल तर लपवू नकोस.

तिचा खटला काल संपला. मी दोन्ही दिवस बसले होते. तुला कळायला हवं म्हणून सगळं लिहिते.

त्याच्या वकिलानं पहिल्याच दिवशी तुझा वर्ग काढला. तिला विचारलं, "तुम्ही मारामारीचं शिक्षण घेत होता, हे खरं ना?" ती हो म्हणाली. "मागचं दार उघडं होतं, हे खरं?" "हो." "तरीही तुम्ही काउंटरबाहेर आलात, पवित्रा घेतलात आणि माझ्या अशिलाचा हात आधी धरलात?" ती हो म्हणाली. वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, म्हणजे चढाई बाईंची. मग त्यानं अशिलाचे दोन्ही हात पुढे करायला लावले. कोपरातून ते आता सरळ होत नाहीत. एका डोळ्यावर पट्टी. म्हणाला, "या माणसाला त्याच वर्गाच्या शिक्षकानं असं केलंय. इथं बळी नेमका कोण आहे?" कोर्टात कुजबुज झाली. मी तिच्याकडे बघितलं. ती त्याच्या हातांकडेच बघत होती.

सरकारी वकील काही बोलणार तेवढ्यात तिनंच विचारलं, मी बोलू का? म्हणाली, "साहेब, सरांनी केलं ते वाईट केलं, त्यांना शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. त्यासाठी माझा भाऊ तीन आठवडे आत बसला. पण ते एप्रिलमध्ये झालं. मी मार्चचं सांगायला आलेय." मग तिनं उजवा हात वर केला आणि मूठ मिटायला घेतली. अंगठा आला, करंगळी थोडी वळली. मधली तीन बोटं तशीच ताठ. ती मिटत राहिली. घाम आला तिला, पण थांबली नाही. शेवटी न्यायाधीशच म्हणाले, "राहू द्या बाई."

मालकांनीही साक्ष दिली. म्हाताऱ्यानं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

त्याला नऊ वर्षं झाली. सरकारी वकील मला बाहेर म्हणाले की तुझं प्रकरण नसतं तर आणखी वाढली असती. हेही तुला कळायला हवं.

निकालानंतर ती माझ्याबरोबर घरी आली. भावाची बस सहाला होती. जेवली, डाव्या हातानं. तिला आता दुसऱ्या मेडिकलमध्ये नोकरी आहे, बिलं डाव्या हातानं लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. वर्गाबद्दल मी विषय काढला नाही. तिनंच सांगितलं की मास्तरांनी छापखान्याची किल्ली जागामालकाला परत केली आणि ते बाबांचा फोटो माझ्याकडे पाठवणार आहेत.

निघताना मी विचारलं, "बारक्याला काही निरोप आहे का?" ती चपला घालत होती. एका हातानं बक्कल लावायला तिला वेळ लागतो आणि मदत केलेली आवडत नाही. ते लावून झालं. वर बघून म्हणाली, "नाही, सिस्टर. काही नाही."

मी खिडकीत उभी राहून ती जाताना बघत होते. फाटकाच्या पुढे गेली असेल तेवढ्यात मागून एक माणूस जोरात धावत आला, बस पकडायला असणार. ती पटकन बाजूला झाली, भिंतीला पाठ लावली आणि तो पार वळणाआड जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मग रस्त्यावर आली आणि आपल्या चालीनं चालू लागली.

ताई